उजवीकडचं दार

त्सियाला आली तेव्हा दार दोरीनं बांधलेलं होतं,
कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीनं, दोन गाठी.
मामूका मागच्या सीटवर.
छातीला पट्टा, तोंडाला कुलूप.

"गाय," ती म्हणाली.
आमच्या कुताइसीत एवढ्या एका शब्दात पंचनामा होतो.
साम्त्रेदियाच्या रस्त्यावर गाई तिन्हीसांजेला
आपल्या आपण घरी निघतात, मधोमध,
निवृत्त न्यायाधीशांसारख्या.
हिनं गाय चुकवली. खांब नाही चुकला.
गाय घरी गेली.

"हा वेळेवर बोलला असता तर..."
"बोललो होतो."
"खांब आल्यावर!"
दोघंही माझ्याकडे बघून बोलत होती.

त्याला तेच दार ठोकून हवं होतं.
"दुसरं म्हणजे दोनशे लारी. हातोडी तर तुझ्याकडे आहेच, गोचा."
माझ्याकडे हातोड्या सात आहेत.
चाळीस वर्षं पोचे काढतोय.
पत्र्यावरून बोटांची पालथी बाजू फिरवली की कळतं
कुठे नुसता रुसलाय, कुठे फाटलाय.
रुसलेला परत येतो, मागून समजूत काढावी लागते,
घाई केली की ताणतो आणि मग कायमचा फुगून बसतो.

मी काही बोललो नाही. आतला पुठ्ठा उचकटला,
काचेचे तुकडे झटकले,
टॉर्च मामूकाच्या हातात दिला. बघ.

दाराच्या पोटात आडवा एक दांडा असतो,
मनगटाएवढा.
गाडी घेताना त्याची चौकशी कुणी करत नाही.
रंग विचारतात. टेप वाजतो का विचारतात.
तो कोपरात दुमडावा तसा आत वाकला होता,
याच्या दोन बरगड्या चिरून
तिसरीपाशी थांबला होता.

"सरळ होईल?"
दिसायला होईल.
पुढच्या खेपेला कागदासारखा मिटेल.

त्यानं टॉर्च बंद केला. लावला. परत बंद केला.

रुस्तावीच्या बाद्रीनं गुरुवारी दार पाठवलं,
मिनीबसच्या टपावर, चादरीत गुंडाळून.
गाडी राखाडी, दार हिरवं.
कप्प्यात जर्मनीतल्या कुठल्याशा पार्किंगचं तिकीट,
जर्दाळूची एक बी,
आणि हाताच्या टेकूवर नखानं कोरलेलं जहाज,
शीड अर्धंच. तेवढ्यात घर आलं असणार.

रंग? "पगार झाल्यावर," त्सियाला म्हणाली.
असे किती पगार मी पाहिलेत.

दार अडकवायला दहा मिनिटं. बसवायला अख्खी दुपार.
वर तीन मिलिमीटर फट, खाली पाच,
बिजागरीमागे वॉशर घाल, वॉशर काढ.
वजन पेलायला माणूस हवा होता.
"तू नको," ती म्हणाली. त्यानं खांदा दिलाच,
पट्ट्यासकट, दात आवळून.
ती आत बसून दार ओढत होती.
खण्ण.
परत.
खण्ण.
मी एक वॉशर काढला, थुंकी लावून पातळसा दुसरा चिकटवला.
धप्.

शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसरही नेमका तेव्हा बंद पडला.
"ऐकलंस?" ती म्हणाली.
माझ्याकडे बघून नाही.

पैसे दीडशेच मिळाले. वर चीजचा एक गोळा.
जुनं दार मी भंगारात टाकणार होतो, मामूका म्हणाला, दे.
डिकीत मावेना, तीच निळी दोरी परत लागली.

ऑगस्टमध्ये त्यांच्या गल्लीत कामाला गेलो होतो.
ओपेल फाटकाशी उभी, दार हिरवंच.
परसात कोंबड्यांच्या खुराड्याला ते जुनं दार,
बिजागरीसकट, पोचा तसाच.
नवी काचही बसवलीय पठ्ठ्यानं.
उकाड्यात चार बोटं खाली करतो म्हणे,
आणि कोल्हा ओरडला की
चड्डीवर उठून, हँडल फिरवत, वर.

"आतला दांडा काढलास?"
"असू दे," तो म्हणाला.
"कोंबड्यांना काय माहीत."